फिशटँकमधला समतोल कोण सांभाळतं?

माशांच्या कुठल्याही दुकानात जा. ते मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधलं असेल किंवा तालुक्याच्या गावात मोबाइल रिचार्जच्या टपरीला चिकटलेलं असेल. ‘पहिलाच टँक आहे’ असं सांगितलं की साधारण एकच यादी ऐकायला मिळते. सहा निऑन टेट्रा, दोन जोड्या गप्पी, चार झेब्रा, एंजलची एक जोडी आणि काच साफ ठेवायला एक सकर. सोबत दोन फुटांचा टँक, फिल्टर, हिटर, रंगीत खडे. याला म्हणायचं कम्युनिटी टँक. म्हणजे भांडणं न करता एकत्र राहणाऱ्या माशांची वसाहत.

आता या वसाहतीतल्या लोकांचे मूळ पत्ते बघा. निऑन टेट्रा पेरू, कोलंबिया आणि ब्राझील जिथे भेटतात तिथल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला लागतं मऊ, जरासं आंबट पाणी. गप्पी व्हेनेझुएला, त्रिनिदाद या बाजूचा, त्याला क्षारांचं जड पाणी मानवतं. झेब्रा आपल्याकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली पुस्तक छापलं, त्यात कोसी नदीतला म्हणून याची पहिली नोंद आहे. एंजल पुन्हा अ‍ॅमेझॉनचा, पण तिथे तो छोटे टेट्रा खाऊनच मोठा होतो. सकरही दक्षिण अमेरिकेचाच, आणि दुकानात बोटाएवढा असला तरी पुढे फूट-दीड फूट वाढणारा.

थोडक्यात, यातले निम्मे एकमेकांना निसर्गात कधी भेटलेच नसते, आणि जे भेटले असते त्यातला एक दुसऱ्याचं जेवण आहे. ही वसाहत माणसाने जमवलेली आहे. ती जमवायला पावणेदोनशे वर्षं लागली, आणि एवढ्या काळात एक शब्द सतत वापरला गेला: समतोल. टँकमध्ये समतोल साधला की तो आपला आपण चालतो, असं आजही सांगितलं जातं. हा समतोल प्रत्यक्षात कोण सांभाळत होतं, ते बघायला आधी लंडनला जावं लागेल.

पूर्व लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना झाडांचा नाद, आणि आजूबाजूला कारखान्यांचा धूर. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचं राहिलं बाजूला, पण मातीतून नेचाचं रोप उगवलं आणि बाहेरच्या धुरात जे जगत नव्हतं ते बंद काचेत मजेत वाढलं. यातून काचेच्या पेट्या निघाल्या. जहाजाच्या डेकवर या पेट्या ठेवून झाडं जगभर हलवता येऊ लागली. चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली ती याच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या कपाचा आणि फिशटँकचा पूर्वज एकच, असं म्हणायला हरकत नाही.

पाण्याचं काय? इथे अ‍ॅना थिन यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधल्या एका धर्मगुरूच्या या पत्नी. १८४६ साली त्या समुद्रकिनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आल्या. समुद्र दूर, ताजं पाणी रोज आणणार कुठून? पाण्यात हवा मिसळत राहिली तर तेच पाणी वापरता येतं, हे त्यांनी ताडलं. मग उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतायचं, रोज अर्धा-पाऊण तास. पुढे त्यांचा हा वृत्तांत छापूनही आला. ओतण्याचं काम अर्थात बाईसाहेब करत नसत, घरची मोलकरीण करत असे. आज तुमच्या टँकमागे घुर्रर्र करणारा एअर पंप आहे ना, त्याची पहिली आवृत्ती ही बाई. तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

हे ओतणं टाळता येईल का? रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली ‘हो’ असं उत्तर दिलं. त्याने पन्नासेक लिटरच्या काचेच्या भांड्यात वाळू-चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया ही गवतासारखी पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तो घेतील, असा हिशोब. थोड्याच दिवसांत जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, काच साफ केली आणि अंडी घातली. ती अंडी माशांनी खाल्ली. पाणी पुन्हा नितळ झालं. वॉरिंग्टनने हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

मासा, झाड आणि गोगलगाय. मोलकरणीची गरज संपली. एक छोटं जग स्वतःच्या बळावर चालताना दिसत होतं, आणि त्या काळच्या इंग्लंडला हे चित्र भयंकर आवडलं. काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त होती. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घराघरांत गेला. मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात काचेची टाकी दिसू लागली, आणि सुट्टीत किनाऱ्यावर जाऊन खडकांच्या डबक्यांतून जीव गोळा करणाऱ्यांच्या झुंडी निघाल्या. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आत्मचरित्रात या किनाऱ्यांबद्दल लिहिलं आहे. वडिलांबरोबर लहानपणी पाहिलेली ती डबकी आता तशी कुणालाच दिसणार नाहीत, लोकांनी ती ओरबाडून रिकामी केली, अशी त्याची खंत आहे. आणि ती लाट आणली त्याच्याच वडिलांच्या पुस्तकाने.

लाट टिकलीही नाही. १८६० चं दशक संपेपर्यंत बहुतेक टाक्या माळ्यावर गेल्या होत्या किंवा त्यांत कुंड्या ठेवल्या जात होत्या. कारण साधं होतं. मासे मरत होते. लोक वॉरिंग्टनसारखे दोन मासे आणि भरपूर वनस्पती ठेवत नव्हते, ते भरपूर मासे आणि दोन वनस्पती ठेवत होते.

पण खरं कारण त्याहून खोल होतं आणि तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. मासा श्वास घेतो तसा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. काचेत साठतो आणि कल्ले जाळतो. प्राणवायू कितीही असला तरी याने मासा मरतो. भरपूर वनस्पती असतील तर त्या अमोनिया शोषून घेतात, म्हणून वॉरिंग्टनचं भांडं तगलं. त्याला वाटलं आपण हवेचा हिशोब जुळवला. त्याच्या झाडांनी गुपचूप दुसराही हिशोब जुळवला होता.

उत्तर आलं ते माशांकडून नाही, गटाराच्या पाण्याकडून. १८७७ मध्ये श्लोएसिंग आणि म्यूंट्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी मैलापाणी वाळू आणि चुनखडीच्या उंच नळीतून हळूहळू झिरपवलं. वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया वर घातला तसा खालून बाहेर येत राहिला. त्यानंतर अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि हे काम थांबलं. क्लोरोफॉर्मने गुंगी येते ती जिवंत वस्तूला. म्हणजे वाळूत कुणीतरी जिवंत होतं. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रॅड्स्की याने ते जिवाणू वेगळे काढले. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे त्या नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात.

ते वीस दिवस लक्षात ठेवा. आज नवा टँक घेणाऱ्या अनेकांचे मासे पहिल्या काही आठवड्यांत मरतात ते याच वीस दिवसांमुळे. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं, फिल्टर नवाकोरा असतो आणि त्यात राहायला अजून कोणी आलेलं नसतं. जिवाणूंची वस्ती बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे टाकायचेच असतील तर दोन-तीन, तेही काटक. खाणं चिमूटभर, आणि थोडं थोडं पाणी बदलत राहायचं. आणि कुणी ‘खूप घाण झालाय’ म्हणून फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली खसाखसा धुतला, की कमावलेली वस्ती एका मिनिटात जाते. तो टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यातच पिळायचा असतो.

हे जिवाणू नेमके कोणते, हेही फार उशिरा कळलं. शंभर वर्षं पुस्तकांत नायट्राइट खाणाऱ्याचं नाव नायट्रोबॅक्टर असं छापलं जात होतं आणि त्या नावाच्या बाटल्याही विकल्या जात होत्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी गोड्या पाण्याच्या टाक्यांमधले जिवाणू जनुकांवरून ओळखले गेले, तेव्हा तिथे नायट्रोबॅक्टरचा पत्ता नव्हता, काम नायट्रोस्पायरा करत होते. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही टप्पे एकट्याने करतात हे दिसलं, आणि त्यातला एक शोध लागला तो माशांच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्येच.

हे झालं पाण्याचं. पण आतापर्यंतचे मासे थंड प्रदेशातले किंवा गोल्डफिशसारखे थंडी सोसणारे होते. उष्ण प्रदेशातले रंगीत मासे युरोपात पोचले कसे?

याचं उत्तर माशांच्या शरीरात आहे. १८६९ मध्ये चीनमधून काही पॅराडाइज फिश जहाजाने पॅरिसला आले. बहुतेक वाटेतच मेले. उरलेल्यांपासून प्येर कार्बोनिए याने पिल्लं मिळवली, आणि युरोपात घरी वाढलेला पहिला उष्णदेशीय शोभेचा मासा म्हणून त्याचं नाव झालं. हाच मासा का तगला? त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो, त्यामुळे तो पाण्याच्या वर तोंड काढून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. जहाजावरच्या बंद डब्यात पाणी कितीही सडलं तरी तो जगला. आपला फायटर, गुरामी यांच्यातही हाच अवयव आहे. म्हणजे सुरुवातीचे परदेशी मासे त्यांच्या रंगांमुळे निवडले गेले असं वाटतं, पण त्यांना निवडलं होतं प्रवासाने.

पुढच्या काळात हॅम्बुर्ग बंदर या धंद्याचं केंद्र बनलं. दक्षिण अमेरिकेहून, आशियातून येणारे खलाशी डब्यांतून मासे आणत आणि धक्क्यावरच व्यापारी वाट बघत उभे असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत गप्पी, एंजल असे कितीतरी मासे याच वाटेने युरोपात आले. गप्पीच्या नावाची गंमत सांगायलाच हवी. त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी या गृहस्थांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या संग्रहालयाने १८६६ मध्ये या माशाला त्यांचं नाव दिलं. पण बर्लिनच्या पीटर्सने सात वर्षं आधीच त्याला वेगळं नाव दिलेलं होतं, त्यामुळे शास्त्रात गप्पीसाहेब बाद झाले. बाजारात मात्र त्यांचंच नाव चाललं.

जर्मनीच्या हिवाळ्यात या माशांना ऊब द्यायची म्हणजे टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करायचा आणि त्याखाली रॉकेलचा दिवा किंवा गॅसची बारीक ज्योत ठेवायची. रात्री ज्योत विझली तर सकाळी सगळे पालथे. थर्मोस्टॅटवाला विजेचा हिटर आला तेव्हा कुठे लोक निवांत झोपू लागले. मासे किती ठेवायचे, याचा जुना नियम टाकीतल्या पाण्यावर नसून पाण्याच्या पृष्ठभागावर होता, कारण पंप नसताना हवा शिरणार ती वरूनच. उभट, फुलदाणीसारखा टँक आज दिसायला छान दिसतो, पण त्या जुन्या लोकांनी तो बघून मान हलवली असती.

मग आला निऑन. ऑग्युस्त राबो या फ्रेंच संग्राहकाने १९३० च्या दशकाच्या मध्यावर अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातून तो पॅरिसला पाठवला. निळी चमकती रेघ, खाली लाल पट्टा. बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. १९३६ मध्ये यातले काही मासे हिंडेनबर्ग या प्रसिद्ध जर्मन झेपेलिनमधून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले. त्यातला जगलेला एक विमानाने शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियमला पोचला आणि विमानवीर लिंडबर्गवरून त्याचं नाव पडलं ‘लोन्ली लिंडी’. त्याच वर्षी जॉर्ज मायर्सने या माशाला शास्त्रीय नाव दिलं ते विल्यम इनेस यांच्यावरून. फिलाडेल्फियाचे हे मुद्रक ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे मासिक चालवत आणि त्यांचं १९३५ चं पुस्तक पुढे कित्येक वर्षं हौशी लोकांचा आधार होतं. कुठला मासा कुणाबरोबर राहतो, कोण कुणाचे पर कुरतडतो, कोण रात्री कुणाला गिळतो, हे ज्ञान अशा पुस्तकांतून आणि क्लबांतून साठत गेलं. कम्युनिटी टँक म्हणतात तो खरा यातून घडला. एंजल आणि निऑन एकत्र ठेवू नयेत हे तेव्हापासून माहीत आहे, तरी दुकानदार ते विकतो, कारण दोन्ही लहान असताना काही होत नाही. चार महिन्यांनी निऑन एकेक कमी व्हायला लागतात आणि तुम्ही पुन्हा दुकानात जाता.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात भरलेला प्राणवायू आणि मालवाहू विमान या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि हॅम्बुर्गच्या खलाशांचा जमाना संपला. चक्रव्यूह नसलेला नाजूक मासाही दोन दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. आपल्याकडे १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि मुंबई बघायला आलेल्या कितीतरी पिढ्यांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. घरोघरी टँक यायला मात्र चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी घराच्या मागच्या हौदांत मासे पैदा करणारी कुटुंबं उभी राहावी लागली.

विमानांमुळे पैसा आला, आणि पैशाबरोबर घाई. निऑनचा मोठा भाऊ शोभेल असा कार्डिनल टेट्रा १९५६ मध्ये दोन वेगवेगळ्या नावांनी जाहीर झाला. एक नाव छापून आलं २० फेब्रुवारीला, दुसरं २१ फेब्रुवारीला. शास्त्रात आधीचं नाव खरं, त्यामुळे एका दिवसाच्या फरकावर मोठा वाद झाला. शेवटी आधीचं नाव टिकलं, आणि ते होतं माशांच्या मासिकाचे प्रकाशक हर्बर्ट अ‍ॅक्सलरॉड यांच्यावरून ठेवलेलं.

तो मासा जिथून येतो ते ब्राझीलमधलं बार्सेलोस गाव रिओ नेग्रो नदीवर आहे. तिथले लोक होड्यांतून पूर आलेल्या जंगलात जातात आणि जाळीच्या सुपाने कार्डिनल पकडतात. पूर ओसरला की यातले बरेचसे मासे आटत्या डबक्यांत तसेही मरतात, त्यामुळे पकडण्याने नदीचं फार बिघडत नाही. उलट मासा जगायला जंगल लागतं, म्हणून गाव जंगल तोडू देत नाही. तिथे शोभेच्या माशांचा उत्सव भरतो, त्यात ‘कार्डिनल’ आणि ‘डिस्कस’ असे दोन संघ नाचगाण्यात एकमेकांना भिडतात. पण कार्डिनलची पैदास दूरच्या फार्मवर जमू लागली तसं गावाचं गिऱ्हाईक घटलं. मासे न पकडणाऱ्या माणसाला मग लाकूडतोड किंवा खाण उरते. ‘फार्मचा मासा घ्या, निसर्ग वाचवा’ हे वाक्य बार्सेलोसमध्ये चालत नाही.

आणि सह्याद्रीत बरोबर उलटं घडलं. केरळच्या डोंगरी ओढ्यांत लाल-काळ्या रेघांचा एक मासा आहे. फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने १८६५ मध्ये त्याला मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव दिलं. सव्वाशे वर्षं त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १९९७ मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि ‘मिस केरळ’ जगभर हवी झाली. हा मासा थव्याने राहतो, त्यामुळे एका जाळ्यात अख्खा थवा येतो. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे १५ लाखांवर गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले, असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून जास्त मासे हे आणि याची भावकी. केरळ सरकारने मध्येच पकडीवर बंदीचे महिने ठरवले, पण संशोधकांनी दाखवून दिलं की माशाचा विणीचा हंगाम त्या महिन्यांशी नीट जुळतच नाही. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी या माशाचा नवा वंश मानला आणि त्याचं नाव ठेवलं ‘सह्याद्रिया’. यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. इथे मात्र फार्मवर जन्मलेला मासा घेतलेलाच बरा.

आता काचेतून बाहेर पडणारी वाट. गप्पी आपल्याकडे फिशटँकसाठी कमी आणि डासांसाठी जास्त आला. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो विहिरी-हौदांत सोडला जातोय. आजही पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘गप्पी मासे पाळा’ लिहिलेलं असतं. तो आता ओढ्या-नाल्यांतही स्थायिक झाला आहे.

सकरची गोष्ट जास्त वाईट आहे. वॉरिंग्टनच्या गोगलगायीचं काम आपण याच्यावर सोपवलं. वर्षभरात तो फूटभर होतो, रात्री झाडं उपटतो आणि खातो त्यापेक्षा जास्त घाण करतो. मारवत नाही, म्हणून लोक त्याला पिशवीत घालून जवळच्या तळ्यात सोडून येतात, वर पुण्य केल्यासारखं वाटतं. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर तो हवा गिळून जगतो. अंगावर हाडांचं चिलखत असल्यामुळे इथले शिकारी मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. विणीसाठी तो काठाच्या मातीत बिळं खणतो. पूर्व कोलकात्यातल्या पाणथळ जागांमध्ये मैलापाण्यावर मत्स्यशेती चालते. तिथे रोहू-कटल्याच्या जाळ्यात आता हाच मासा ढिगाने येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बांध ढासळतात आणि बाजारात त्याला भाव नाही. कोळी त्याला जाळ्यातून एकेक करून सोडवतात आणि काठावर टाकून देतात.